खाऱ्या पाण्याची काठी

माळकरी शालिग्रामच्या खिशात गफ्फारच्या दुकानाची चिठ्ठी सापडली आणि विजयमालाच्या मनात पाल चुकचुकली. गफ्फार वाशिमजवळच्या मालेगावात मासे धरायचे गळ अन् जाळी विकतो. घरात अंडंसुद्धा शिजू न देणाऱ्या तिच्या नवऱ्याचं तिथं काय अडलं होतं? चोरून मासे खातो की काय हा माणूस? गुरुवारी तो मालेगावला निघाला, तशी तीही मागच्या एसटीनं गेली.

दुकानाच्या दाराशीच तिला त्याचा आवाज ऐकू आला. "होडीतून समुद्रात टाकाची हाय. लहान मासा लागो का मोठा, एकाच काठीनं भागलं पाह्यजे. अन् खाऱ्या पाण्यानं कड्या गंजू नाही पाह्यजे."

"मंग ही सात फुटी घ्या, शालिकभाऊ," गफ्फार म्हणाला. "शेंड्याले लवचीक, बुडाशी दणकट."

विजयमाला तरातरा आत घुसली. "गळ्यात तुळशीची माळ अन् हातात हे? वाशिममधी कोणता समुद्र आला वो?"

शालिग्राम वरमला. रूपालीनं रत्नागिरीच्या कोळ्याच्या पोराशी, सुयोगशी लग्न केलं, तेव्हापासून दोन वर्षं त्यानं घरात लेकीचं नावही घेऊ दिलं नव्हतं.

"जावयाचा आहेर राह्यला होता," तो जमिनीकडं पाहत पुटपुटला.

विजयमालाचा सारा राग तिथंच विरला. तिनं काठी हातात घेऊन तोलून पाहिली आणि गफ्फारला परत दिली. "याच्याहून हलकी दाखवा, भाऊ. सुयोगचा खांदा दिवाळीपासून दुखून राह्यला."

शालिग्रामनं हळूच मान वर केली.

"दिवाळीपासून?"