तेविसावा पत्ता

मित्रांनो, मी एक जुना चित्रसंच आहे. चाळीस पुठ्ठ्याचे पत्ते, प्रत्येकावर एक चित्र, आणि ते ठेवायला बिस्किटांचा पत्र्याचा डबा, एवढाच माझा संसार. आजारपणात ज्यांची वाचा जाते, त्यांना एकेक शब्द परत मिळवून द्यायचा, हे माझं काम. ते काम ज्या दिवशी सर्वांत वाईट झालं, तो दिवस आधी सांगतो. दिसायला तो रोजच्यासारखाच होता.

पूर्णा जंक्शनच्या रेल्वे क्वार्टरपुढं लिंबाच्या सावलीत मुंजाजी अण्णा बाजेवर बसले होते. त्यांचा उजवा हात मांडीवर पडून होता; तो आता उचलत नसे. समोर स्टुलावर त्यांची मुलगी पंचफुला बसली होती. ती मुंबईला वाचादोषांवरील उपचारांचं शिक्षण घेत होती आणि दीड महिन्याची सुट्टी काढून घरी आली होती. तिच्या मांडीवर उत्तरांचा तक्ता होता, हातात पेन्सिल. शेजारचे भुजंगराव ड्यूटीवर निघाले होते. अण्णांसारखेच तेही गाड्यांचे सांधे बदलणारे पाइंटमन.

"काय मुंजाजी, सकाळी सकाळी पत्ते? अन् पोरीकडून हरायलास व्हय!"

अण्णा हसले आणि डाव्या हातानं त्यांना पुढं हाकललं.

बाविसाव्या पत्त्यापर्यंत सात उत्तरं बरोबर आणि बाकी फुल्या होत्या. पंचफुलानं तेविसावा पत्ता वर धरला. त्यावर अर्धा चिरलेला, आतून गुलाबी पेरू होता. अण्णांचे डोळे एकदम चमकले. ओठ जुळवायला त्यांना वेळ लागला.

"जा…"

"पे," पंचफुलानं सुरुवात करून दिली. पहिलं अक्षर दिलं की पुढचा शब्द सापडतो, असं तिला शिकवलेलं होतं. "माझ्या तोंडाकडं बघा, अण्णा. पे…"

"जा… जा…"

"पे. पे-रू."

अण्णांनी मान जोरजोरात हलवली. "जा! जा!" ते ओरडले आणि डाव्या हाताचा फटका मारून त्यांनी मला उधळून दिलं. मी सगळा मातीत पसरलो.

पंचफुलानं एकेक पत्ता उचलला, पुसला, डब्यात ठेवला. "जाते," ती म्हणाली. "उद्याच जाते." तक्त्यावर तिनं फुली मारली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'रुग्ण चिडचिड करतो. सहकार्य नाही.'

आता माझा जन्म कसा झाला ते ऐका. साल १९७४. पंचफुलाच्या कॉलेजात तेव्हा एकच चित्रसंच होता, तोही परदेशी. त्यात बर्फावरून ओढायची गाडी होती, घराचं धुराडं होतं. "ज्यानं जन्मात बर्फ पाहिला नाही, तो हे चित्र बघून गप्प बसला, तर त्याला आजार म्हणायचं का?" असं पंचफुलानं वर्गात विचारलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "मग तूच कर एखादा आपल्याकडचा."

तिनं पुठ्ठा आणला, मापानं कापला. चित्रं स्वतः काढली, रंगवली. प्रत्येक चित्राला लोक काय म्हणतात हे ठरवायला तिनं होस्टेलमधल्या चार मुलींना विचारलं. दोघी पुण्याच्या होत्या, दोघी दादरच्या. चौघींचं जिथं एकमत झालं, तो शब्द तिनं पत्त्याच्या पाठीवर सुरेख अक्षरात लिहिला. पेरू. रुमाल. बटाटा. घरी तिनं विचारलं नाही.

माझं फार कौतुक झालं. बाईंनी मला दुसऱ्या वर्गात नेऊन दाखवलं. मला वाटलं, माझ्यात आता काही उणं नाही.

दोन वर्षांनी, थंडीच्या दिवसांत, अण्णा सांध्यावर उभे असतानाच कोसळले. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला होता. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. या वाचाघातात माणूस वेडा होत नाही, मित्रांनो. त्याला सगळं समजतं, काय म्हणायचं तेही ठाऊक असतं. शब्दच तेवढा हाताशी येत नाही. पंचफुलानं याच विषयावर तीन वह्या भरल्या होत्या. त्या वह्यांतला आजार आता तिच्याच घरी बाजेवर बसला होता.

त्यात एक विचित्र गोष्ट होती. संध्याकाळी पंचफुलाची आई सरजाबाई वंदनेला बसली, की अण्णा तिच्याबरोबर त्रिशरण घडाघडा म्हणत. मग पाणी मागताना मात्र तोंड उघडायचं आणि काहीच यायचं नाही. शेजारपाजारचे म्हणत, "सोंग हाय. वंदना म्हनता येती अन् पानी मागता येत न्हाई?" सरजाबाई चिडायची. पंचफुला समजावून सांगायची, की पाठ असलेलं वेगळ्या वाटेनं बाहेर येतं, शोधून बोलायचं ते वेगळ्या. तिचं बरोबर होतं. तिला इतकं सारं कळत होतं, याचाच मला आज जास्त राग येतो.

कारण रोज सकाळी काय चाले ते मी पाहत होतो. रुमालाचं चित्र बघून अण्णा "द… दस्…" करत आणि ती "रु, रु" म्हणून त्यांना थांबवी. बटाटा बघून ते "आ…" म्हणत आणि ती "ब" म्हणे. माणूस चाचपडत दारापर्यंत यावा आणि दुसऱ्यानं त्याचा हात धरून त्याला भिंतीकडं न्यावं, तसं दीड महिना चाललं. फुली, फुली, फुली. अण्णांच्या कपाळाच्या शिरा ताठत, पंचफुलाचा आवाज चढे. आणि खोटं उत्तर माझ्याच पाठीवर लिहिलेलं. मला ओरडता येत नव्हतं. चित्राला वाचा नसते.

दुसऱ्या दिवशी पंचफुला पहाटेच्या पॅसेंजरनं मनमाडकडं निघून गेली. रागारागात तिनं मला फळीवरच सोडलं.

ऊन वर आल्यावर अण्णांनी डाव्या हातानं डबा खाली ओढला. पत्ते बाजेवर पसरून बराच वेळ शोधलं. तेविसावा पत्ता सापडला तसा त्यांनी तो सरजाबाईपुढं धरला. ती ज्वारी निवडत होती. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. म्हणून तिनं पाठ पाहिलीच नाही, नुसतं चित्र पाहिलं.

"जांब हाय की ह्यो," ती म्हणाली.

"जांब!" अण्णा म्हणाले. अख्खा शब्द, न अडखळता. पुन्हा म्हणाले, "जांब. जांब." आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगं माय! अन् ह्ये काय हाय?"

"द… दस्ती."

"अन् ह्ये?"

"आलू."

सूप बाजूला ठेवून ती त्यांच्याजवळ येऊन बसली. चाळिसातले सव्वीस पत्ते त्यांनी ओळखले. ते सव्वीस वेगळे काढून अण्णा स्टेशनच्या दिशेनं बोट दाखवू लागले, पुन्हा पुन्हा.

"कळलं, कळलं. फुलाला सांगायचं. भुजंगरावाकडून कारड लिहून घिऊ तिला," सरजाबाई म्हणाली.

कार्ड लिहायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णांना दुसरा झटका आला. पंचफुलाला गेली ती तारच.

अण्णा गेल्याच्या पाचव्या दिवशी, आलेली माणसं पांगल्यावर, पंचफुला आईजवळ बसली. "माय, मी कुठं मनानं गेले? त्यांनीच जा म्हटलं मला. दोनदा म्हटलं."

"तुला जा कवा म्हनले?" सरजाबाई तिच्याकडं बघतच राहिली. "जांब म्हनायलते ते. जांब. त्यायला 'जा'च्या म्होरं लवकर येत नव्हतं."

पंचफुलानं डबा मागितला. सव्वीस पत्ते तसेच वेगळे ठेवलेले होते.

मित्रांनो, आज माझे कोपरे झिजलेत, तीन पत्ते हरवलेत, आणि मी एका कॉलेजच्या कपाटात पडून असतो. मला जपा, असं मी म्हणणार नाही. एवढंच सांगतो, की कुणाची परीक्षा घ्यायची वेळ तुमच्यावर आली, तर उत्तर आधीच लिहून ठेवू नका. समोरचा अडखळत असेल तर त्याला थोडी उसंत द्या. त्याच्या तोंडात तुमचा शब्द कोंबू नका.

पंचफुलाची तोंडी परीक्षा मात्र सांगायची राहिली. ती महिनाभरानं झाली. टेबलावर मी होतो आणि तिनं लिहिलेला अहवाल होता. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. अहवाल चाळता चाळता ते थांबले.

"रुग्ण क्रमांक तीन. इथं आधी फुल्या आहेत आणि त्यावर शाईनं बरोबरच्या खुणा. रुग्ण सुधारला का?"

"नाही, सर. रुग्ण वारले."

"मग खुणा कशा बदलल्या?"

"उत्तरं आधीपासून बरोबर होती. रुग्णाच्या गावाकडं पेरूला जांब म्हणतात, रुमालाला दस्ती. माझ्या तक्त्यात ते शब्दच नव्हते."

परीक्षकांनी मान डोलावली. "बरोबर आहे. बोलण्यावरून तुम्ही पुण्याच्या दिसता, तुम्हाला तिकडचे शब्द कसे माहीत असणार?"

बाजूला बसलेल्या बाईही हसून हो म्हणाल्या. तिथं ती गप्प बसली असती तरी चाललं असतं. कॉलेजात सगळ्यांचा तोच समज होता आणि चार वर्षांत तिनं तो कधी मोडला नव्हता.

"पुण्याची नाही, सर. पूर्णेची. जिल्हा परभणी."

"अच्छा! मग तुम्हाला हे शब्द माहीत नव्हते?"

"माहीत होते. लहानपणापासून मी जांबच म्हणत आले."

"मग चूक का दिलीत?"

तिचे ओठ हलले. पहिल्यांदा शब्द आला नाही. बाई पुढं झुकून काहीतरी सुचवणार होत्या. परीक्षकांनी हातानं त्यांना थांबवलं.

"रुग्ण माझे वडील होते," पंचफुला म्हणाली. "मला त्यांच्या बोलण्याची लाज वाटायची."