काकांच्या नावावर मोडलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. माझा डावा हात मोडलेला आहे. तो कुणी मोडला हे मला पक्के ठाऊक आहे, पण खुर्चीची साक्ष कोण काढतो?

मी तळ्याकाठच्या एका हॉटेलात, वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत होते. त्या खोलीला एकच मालक नव्हता. ज्याने त्याने वर्षातला आपापला आठवडा विकत घेतला होता. त्यातला एक आठवडा बेकरीवाल्या काकांचा. जन्मभर पहाटेच्या आधी उठून भट्टीपुढे उभे राहिलेले काका त्या आठवड्यात ऊन वर येईपर्यंत माझ्यात घोरत पडायचे. गुडघे कुरकुरत असल्याने उठताना माझ्या हातांवर भार द्यायचे आणि म्हणायचे, "अशी बैठक घरी नाही बुवा." त्या शाबासकीवर मी वर्ष काढायचे.

एका वर्षी काकांच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले. आठवडा वाया जाऊ नये म्हणून काकूंच्या भाच्याने तो आपल्या साहेबांना भाड्याने दिला. साहेब गोतावळा घेऊन आले. जेवण खोलीत, मालिश खोलीत, आणि प्रत्येक वेळी एकच पालुपद, "खोलीच्या नावावर लिहा." शेवटच्या दिवशी साहेबांचा धिप्पाड मेव्हणा माझ्या हातावरच बसला. कडकन आवाज झाला. "जुनाटच होती," साहेब म्हणाले आणि किल्ली टाकून चालते झाले.

पुढच्या वर्षी काका-काकू आले, तेव्हा मी पुरावा म्हणून काउंटरशेजारी उभी होते.

"काका, आधी मागची बाकी भरा," मॅनेजर म्हणाला. "नाहीतर आठवडा हॉटेलकडे जमा होईल."

"अहो, आम्ही आलोच नव्हतो!"

"आठवडा तुमचा ना? मग आत कुणीही राहो, बाकी तुमचीच. करारावर सही आहे तुमची."

काकूंनी भाच्याला फोन लावला. त्याचे बोलणे मलाही ऐकू आले. "मावशी, साहेबांना कसं विचारू गं? नोकरीचा प्रश्न आहे." काकूंनी फोन पिशवीत टाकला. रक्कम ऐकून काका मटकन खाली बसले, ते माझ्यावरच.

"काका, तिच्यावर नका बसू, मोडकी आहे."

"माझ्याच नावावर मोडलीये ना? मग बसू दे मला."

तिथून तळे दिसत नव्हते, फक्त उभ्या गाड्या दिसत होत्या. काका त्याच बघत राहिले. मग उठताना सवयीने त्यांनी डावीकडे भार दिला, आणि तिथे काहीच नव्हते. काका कलंडले. काकूंनी पटकन खांदा दिला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

काकांचा आठवडा हॉटेलकडे जमा झाला. काका पुन्हा आले नाहीत. साहेब मात्र यंदाही येऊन गेले, दुसऱ्याच कुणाच्या आठवड्यात. मॅनेजरने उठून नमस्कार केला.

मित्रांनो, दुसऱ्याच्या नावावर कुठे राहिलात, तर निघताना काउंटरवर थांबून विचारा, "आमचं काही राहिलंय का?" आणि खुर्चीच्या हातावर बसू नका. तो बसण्यासाठी नसतो. कुणाला तरी उठताना लागतो.