दाराला आतून कडी

डहाणू रोडला मल्याणात दक्षाताईंचं शिवणकामाचं छोटं दुकान होतं, आणि मागे दोन खोल्यांचं घर. नवरा गेल्यावर मशीनच्या आवाजात दिवस निघून जायचे. गेल्या वर्षी दवाखान्यातली नर्स निलम ब्लाउज शिवायला आली आणि बोलता बोलता म्हणाली, "आम्ही चारजणी दर बुधवारी चारोटी नाक्यावर जातो. पुलाखाली बायका राहतात. साबण, पॅड, औषधं देतो. येता का?" दक्षाताई सहज म्हणून एकदा गेल्या, आणि मग एकही बुधवार चुकवला नाही.

नाक्यावर एका हॉटेलाच्या मागे एक बाई सतत भांडी घासताना दिसायची. तिशीची असेल. मालकाचा डोळा चुकवून ती कधीमधी पुलाखाली येऊन बसे. दक्षाताई तिला विचारायच्या, "नाव काय गं? गाव कुठलं? इथं कुणी आणलं?" ती साबणाची वडी घ्यायची आणि तोंड फिरवायची.

"ताई, तुम्ही पंचनामाच करता," निलम एकदा हसून म्हणाली. दक्षाताईंना ते लागलं, पण पटलंही.

पुढच्या बुधवारी त्यांनी काहीच विचारलं नाही. बाईचं ब्लाउज खांद्यावर उसवलं होतं. पिशवीतून सुईदोरा काढून त्या एवढंच म्हणाल्या, "टाका घालू?"

तिने मान हलवली आणि पाठ करून बसली. चार टाके पडले असतील, तेवढ्यात ती हळूच बोलली, "बाय, तुझ्या घरी मोरी हाय?"

"आहे की."

"दाराला कडी हाय? आतून?"

दक्षाताईंचा हात थांबला. "आहे," त्या म्हणाल्या. "येतेस?"

दुपारच्या एसटीने त्या तिला घरी घेऊन आल्या. शेजारच्या दारातून दोघीतिघी बघत होत्या. दक्षाताईंनी मान वर करून सरळ कुलूप उघडलं. बाई मोरीत गेली, कडी घातली. अर्धा तास झाला, तास झाला. आतून पाणी पडत राहिलं, मग आवाज बंद झाला. दक्षाताईंच्या मनात नाही नाही ते आलं. दार ठोठावायला उचललेला हात त्यांनी मागे घेतला. बाहेर कुणी नाही, कुणी हाक मारत नाही, हेच तर तिला हवं असेल.

ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. दक्षाताईंचं जुनं पातळ नेसून ती भाताच्या ताटासमोर बसली आणि स्वतःच म्हणाली, "मी जमना. तलासरीच्या पुढं आमचा पाडा हाय."

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. हॉटेलात स्वयंपाकाचं काम आहे म्हणून ओळखीच्याच माणसाने तिला आणलं होतं. मालकाने पहिल्याच दिवशी आधार कार्ड काढून घेतलं. भांडी घासायची, आणि मालक पाठवेल त्या ड्रायव्हरच्या गाडीत जायचं. नाही म्हटलं की कोंडून ठेवायचे.

"तू म्हणशील तेच करू," दक्षाताई म्हणाल्या.

जमनाने ताट बाजूला सारलं. "माझा कार्ड पायजे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षाताई, जमना, निलम आणि पोलीस ठाण्यातल्या एक महिला हवालदार अशा चौघी हॉटेलात गेल्या. दक्षाताईंच्या मनात येत होतं, साबण वाटणं वेगळं आणि हे वेगळं. मालक हात जोडून हवालदारबाईंना म्हणाला, "मॅडम, हिला कुणी नव्हतं. मी आसरा दिला."

दक्षाताई काही बोलणार, तोच जमना पुढे झाली.

"आसरा नाय दिलास," ती म्हणाली. गिऱ्हाइकांचे हात ताटातच थांबले. "मला कोंडलास. माझी आय हाय. माझा घर हाय."

हवालदारबाईंनी मालकाला गल्ला उघडायला लावला. खालच्या कप्प्यात जमनाचं कार्ड होतं, आणि त्याच्याखाली तिथेच राबणाऱ्या आणखी दोन बायकांची. त्या दिवशी तिघींचे जबाब झाले आणि मालकाला ठाण्यात नेलं.

घरी जायला मात्र जमना तयार नव्हती. "पाड्यावर काय म्हणतील?" तेवढं एकच ती पुन्हा पुन्हा म्हणे. शेवटी तिला विचारून निलमने तिच्या आईला, बुधीबाईला, निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी म्हातारी नाचणीचं पीठ फडक्यात बांधून दारात उभी. जमना भिंतीला टेकून उभी राहिली, पुढे येईना. बुधीबाईने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"दर बाजारात तुला शोधली मी," ती म्हणाली. "उंबरगावपावत जाऊन आले. लोक म्हणाले, मेली असंल. मी म्हटलं, नाय."

मग दोघी जमिनीवर बसून रडल्या, आणि दक्षाताई उगाच चहा ठेवायला आत गेल्या.

दोन दिवसांनी मायलेकी निघाल्या. स्टँडवर जमना म्हणाली, "बाय, कोर्टाची तारीख लागली का सांग. मी येईन. माझी मी येईन."

एसटीत चढता चढता बुधीबाई मागे वळली. "तूपण ये गं आवणीला. माणसं कमी पडतात."

दक्षाताईंनी जन्मात भाताची लावणी केली नव्हती. पण जुलैतल्या एका रविवारी दुकान बंद ठेवून त्या खरंच गेल्या. गुडघाभर चिखलात त्यांची ओळ सगळ्यात वाकडी आली, आणि शेतातल्या सगळ्या बायका खो खो हसल्या. जमना सगळ्यांत मोठ्याने.