पक्ष्याच्या छातीवरचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुनी घोडी आहे. दचकू नका. मला शेपूट नाही आणि मी चंदीही खात नाही. जिच्यावर पुस्तक ठेवून, जिच्यामागे उभं राहून माणूस चार लोकांना काही गाऊन सांगतो, ती लाकडी घोडी मी. वर तिरपी फळी, तिच्या डोक्याशी पेला ठेवण्यापुरती सपाट पट्टी, आणि समोर, लोकांच्या बाजूला, रुंद तांबडा फळा. त्या फळ्यात पांढऱ्या लाकडाचा एक पक्षी बसवलेला आहे, पंख पसरलेला. देवाने मला तोंड दिलं नाही, पण हे रूप दिलं. त्याचा मला फार अभिमान आहे, हे आधीच कबूल करते.

मला घडवलं एका सुताराने. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. त्याची थोरली बहीण दर आठवड्याला सभागृहात गाऊन गोष्टी सांगायची. दयेच्या, क्षमेच्या, देवाला भोळेपणाने हाक मारणाऱ्या माणसांच्या. जाड पुस्तक धरून तिचा हात भरून यायचा. "ताई, तुझ्या पुस्तकाला टेकू करून देतो," मिस्त्री म्हणाला आणि तीन महिने माझ्यामागे लागला. पक्ष्याचं एकेक पीस त्याने असं बसवलं, की जोडात नखही शिरू नये.

शेवटी राहिलं पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. माझ्या तांबड्या लाकडाची एक खोड आहे, मित्रांनो. स्पिरिट लागलं की ते रंग सोडतं. म्हणून तांबडं वेगळं आणि पांढरं वेगळं, बारीक कुंचल्याने भरायचं असतं. हे मिस्त्रीच इतरांना शिकवायचा. पण त्या दिवशी संध्याकाळी कार्यक्रम होता आणि तो घाईत होता. त्याने भिजलेला बोळा उचलला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ फिरवला. तांबडा ओघळ पक्ष्याच्या छातीवर आला. तो पुसायला त्याने अंगठा दाबला, तर अंगठ्याचाच ठसा उमटला.

मिस्त्री घामाघूम झाला. मग त्याने गडद लाख कालवली आणि तिचे थरावर थर चढवले. पांढरा पक्षी मधाच्या रंगाचा झाला आणि डाग त्याखाली बुडाला.

त्या संध्याकाळी लोक मला बघायला पुढे आले. "पक्षी कसा मधासारखा झळकतोय," कोणी म्हणालं. "तांबड्याशेजारी पांढरं लावलं आणि रंग जरासुद्धा उतरला नाही?" दुसऱ्या सुताराने विचारलं. मिस्त्रीने अंगठा मुठीत धरला आणि म्हणाला, "आपल्या हातून थेंब ओघळत नाही." आणि मी? मी गप्प. कौतुक मलाही गोड लागत होतं.

पुढची वर्षं सोन्यासारखी गेली. ताई गायला लागल्या की त्यांचा आवाज माझ्या फळ्यांतून पायांपर्यंत उतरायचा. ऐन रंगात आल्या की त्या माझ्यावर थाप मारायच्या आणि पेंगणारे ताठ बसायचे. देवाचं नाव इतक्या जवळून ऐकायला मिळणं हे केवढं भाग्य! पुढे बसलेल्यांपेक्षाही मी जवळ होते.

पण लाखेला पाणी सोसत नाही आणि ऊन भांडंही सोसत नाही. कोणी सपाट पट्टीवर वाफाळता पेला ठेवला, पांढरं कडं उठलं. कोणी ओल्या छत्र्या मला टेकवल्या. कोणी पक्ष्याच्या अंगावर चिकटपट्टीने सूचना लावल्या. एकतीस वर्षांत गडद लाख काळी पडली, ठिकठिकाणी फुगली. पक्षी दिसेनासा झाला. सभागृहाचा राखणदार म्हणाला, "ही आता अडगळीत टाकू. लोखंडी आणू."

"लोखंडावर थाप मारून माझा हात मोडायचा," ताई म्हणाल्या. "भाचीला विचारते."

भाची म्हणजे मिस्त्रीची लेक. मी झाले तेव्हा ती रांगत होती, आता ती स्वतः पॉलिशचं काम करते. तिने मला आपल्या कामाच्या खोलीत नेलं. मिस्त्रीही आला. आता त्याचे हात थरथरतात, रंधा सुटला आहे. माझ्याइतकं सुबक त्याचं दुसरं काम उरलेलं नाही.

"वरूनच एक हात मार आणि दे," तो म्हणाला.

"बाबा, खालचं सगळं सुटलंय. जुनं काढावंच लागेल."

"स्पिरिटने काढशील तर तांबडा उतरेल."

"बघू." तिने माझ्या पोटाशी, आतल्या बाजूला, स्पिरिटचा एक थेंब लावून फडकं टेकवलं. फडकं तांबडं झालं.

"सांगत होतो ना मी," मिस्त्री म्हणाला. त्याच्या आवाजात काळजी कमी आणि आनंद जास्त होता. का ते मला ठाऊक होतं.

लेकीने बाटलीला बूच लावलं आणि ती लांबच्या फडताळात ठेवून आली. मग पोलादाचं एक पातळ पातं घेतलं, त्याची कड घासून धारदार केली आणि कोरडंच खरवडायला लागली. आधी पक्षी, मग तांबडं. हात नेहमी पांढऱ्याकडून तांबड्याकडे, म्हणजे तांबडी भुकटी पांढऱ्यावर यायला नको. भुकटी पुसायचीसुद्धा नाही, मऊ कुंचल्याने बाहेर झाडायची. जुनी लाख कोंड्यासारखी गळू लागली. आधी पंख उजळले, मग मान. मिस्त्री दाराशी स्टुलावर बसून होता.

"बाबा, घरी जाऊन जेवून या."

"भूक नाही."

तेवढ्यात पातं छातीपाशी पोचलं. लेकीचा हात थांबला. पांढऱ्या छातीवर गुलाबी डाग होता. तिने आपली बोटं पाहिली, ती कोरडी होती. पातं पाहिलं, फडताळाकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

"बाबा, माझ्याकडून बिघडलं," ती हळूच म्हणाली. "कुठून रंग आला कळत नाही. तुमचं काम मी नासवलं."

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड हवं होतं. मिस्त्री गप्प बसला असता तर त्याची बढाई शाबूत राहिली असती, माझीही. एकतीस वर्षांचा डाग त्या पोरीच्या माथी गेला असता आणि तिने तो जन्मभर वागवला असता. मी मनात देवाचा धावा केला. माझा पक्षी डागाळू दे, पण हा माणूस डागाळू देऊ नको.

मिस्त्री उठला. आपला अंगठा त्याने पक्ष्याच्या छातीवर टेकवला. रेघेला रेघ बसली.

"तुझं नाही, बाळ. माझं आहे."

लेकीने पातं खाली ठेवलं. "एवढी वर्षं?"

"एवढी वर्षं. तू अजून कागदाच्या जाडीएवढं खरवड, जाईल तो. लोकांना दिसायला नको."

ताई तेवढ्यात मला बघायला आल्या होत्या, दारातूनच म्हणाल्या, "लोकांचं राहू दे. मला तर पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

"तुला कोणी सांगितलं?"

"तुझा अंगठा चार दिवस तांबडा होता रे. पानावर बसलास तरी मुठीत धरून जेवत होतास. मला काय दिसत नव्हतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते, तू कधी बोलतोस." त्या हसल्या. "फार लांबवलंस. माझे केस पिकले."

लेक पोट धरून हसली आणि मिस्त्री डोळे पुसत हसला.

तो ठसा लेकीने ठेवला. या वेळी फिकी लाख, पांढऱ्याला एक कुंचला, तांबड्याला दुसरा, मध्ये वाळायला हवा तेवढा वेळ. ताईंनी त्या आठवड्याचा कार्यक्रम पुढे ढकलला, पण घाई करू दिली नाही.

आता मी पुन्हा सभागृहात उभी आहे. पक्षी दुधासारखा पांढरा आहे. पुढे येणारी मुलं विचारतात, हा गुलाबी अंगठा कोणाचा? पहिल्या रांगेतला म्हातारा आपला अंगठा वर करून दाखवतो. पूर्वी मला वाटायचं, मी निर्दोष दिसते म्हणून मोठी. आज त्या ठशाचा जेवढा अभिमान आहे, तेवढा पंखांचाही नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या लाकडावर ऊन पेला ठेवू नका. ओली छत्री टेकवू नका, कोरड्या फडक्याने पुसत जा. आणि तुमच्या हातचा डाग कोणी आपल्या अंगावर घेताना दिसलं, तर गप्प राहू नका. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.