रक्तातलं दार

"बाही वर कर, आई."

"रगत कशाला? तुजा यंत्र मना असाच दाखव."

शरीफुन्निसा स्टुलावर अंग चोरून बसली होती. बुरख्याची बाही तिने मनगटाशी घट्ट धरली होती. शुक्रवार होता, जुम्म्याची नमाज आटोपली होती आणि आखातातल्या मनामा शहरातल्या कॉलेजची ती प्रयोगशाळा अगदी सुनसान होती. एरवी इथे टेक्निशियन म्हणून राबणारी तिची थोरली लेक सायरा आज सुई हातात घेऊन आईसमोर उभी होती. इथे येण्याआधी एका दवाखान्यात तिने नाना देशांच्या माणसांचं रक्त काढलं होतं, पण आईसमोर सुई धरताना तिला ते सगळं नवखं वाटत होतं.

शरीफुन्निसाचं सुईशी वैर जुनं होतं. धाकटी अकीला जेमतेम चालायला लागली होती, तेव्हा तिला ताप भरला. शरीफुन्निसा तिला कडेवर घेऊन तरीच्या होडीत बसली आणि खाडीपलीकडच्या कंपाउंडरकडे गेली. तो म्हणाला, ताप आपोआप उतरेल. ही म्हणाली, सुई मार, त्याशिवाय मी हलायची नाही. त्याने मारली. ताप उतरला आणि मागोमाग सुई मारलेला तो पाय ओल्या फडक्यासारखा लुळा पडला. पोलिओ, असं रत्नागिरीचे डॉक्टर म्हणाले. अल्लाची मर्जी, असं सगळा मोहल्ला म्हणाला. अकीला मोठी झाली, एका पायाने शिलाई मशीन चालवू लागली, आणि आईने विषय काढलाच तर हसून उडवू लागली. शरीफुन्निसाने मात्र त्यानंतर स्वतःच्या अंगाला सुई लागू दिली नाही. दाढ काढायची वेळ आली तेव्हाही तिने भुलीशिवाय काढून घेतली, आणि दरदरून घाम फुटला तो डॉक्टरला.

सायराला वाटायचं, आईला एकदा विषाणूचं दार दाखवावं, म्हणजे तिचा स्वतःवरचा राग तरी सुटेल. पोलिओचा विषाणू आपल्या पेशीवरच्या एका ठरावीक खुंटीला चिकटतो आणि तिथूनच आत शिरतो. सायरा त्या खुंटीला दार म्हणायची. त्या दारावर नेमकी जाऊन बसणारी अँटिबॉडी विलायतेतून बर्फात घालून आली होती. हिरवा चमकणारा रंग तिला आधीच जोडलेला होता. ती बाटली विमानतळावर अडकली होती तेव्हा प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर हेमचंद्र यांनी वऱ्हाडाची वाट पाहावी तशी तिची वाट पाहिली होती. आता तळाशी थोडीशीच उरली होती. आईचा व्हिजा संपत आलाय, तिच्यासाठी एक थेंब हवा होता, असं सायराने चाचरत विचारलं, तेव्हा ते चष्म्यावरून बघत म्हणाले होते, "घे. पण कंट्रोल स्लाइड केल्याशिवाय दाखवू नको. आई असली म्हणून काय झालं?"

"आई, हे दार सगळ्यांच्यात असतं," सायरा आता म्हणाली. "तुझ्यात, माझ्यात, अकीलात. तुझ्यातलंच तुला दाखवते. मग सुईचा दोष किती, ते तूच ठरव."

शरीफुन्निसाने मनगटावरची पकड सैल केली. मग स्वतःच्या हाताने बाही वर सारली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. सुई आत गेली तेव्हा ती पुटपुटली, "मी अकीलाला अशीच धरून बसलेली."

नळीतलं रक्त फिरत राहिलं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या झाल्या, बर्फावर ठेवलेल्या काचेवर त्यांच्यात अँटिबॉडीचा तो एक थेंब पडला. वाट पाहता पाहता शरीफुन्निसा तस्बीहची माळ हातात धरून पेंगली. बाहेरचं ऊन पडद्यातून पाण्यासारखं पाझरत होतं. दुपार सरत होती की तिथेच थांबली होती, कळत नव्हतं. झोपेत ती तरीवाल्याला म्हणाली, "तरी थांबव, पोर झोपलीय." सायराने ते ऐकलं आणि तिच्या हातातून घसरणारी माळ अलगद सावरली.

अंधाऱ्या खोलीत तिने आईला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. अँटिबॉडी न घातलेल्या कंट्रोल स्लाइडमध्ये नुसता काळोख होता. दुसरी लावली आणि शरीफुन्निसाचा श्वास अडकला.

"बांगड्या हायत गो," ती हळूच म्हणाली. "हिरव्या. कुणी पाण्यात सोडल्यान?"

"कुणी नाही. त्या तुझ्या पेशी, आई. कडेला हिरवं दिसतंय ना, तीच दारं."

शरीफुन्निसा बघतच राहिली. तिच्याच रक्तातल्या त्या हिरव्या गोल कडा काळ्या पाण्यावर तरंगत होत्या, काही एकट्या, काही एकमेकींना टेकलेल्या. ती खाली वाकून जणू खाडीच्या तळाशी बघत होती. सायराला वाटलं, झालं, ओझं उतरलं.

"मंग सुईनं काय नाय झाला?"

सायराने कंट्रोलची काच उचलून डब्यात ठेवली. सुईमुळे दुखावलेल्या स्नायूतून विषाणूला त्याच पायाकडे वाट मिळू शकते, हे तिने डॉक्टरांच्या टेबलावरच्या शोधनिबंधात वाचलं होतं.

"तेव्हा ताप आलेल्या सगळ्याच पोरांना सुया मारायचे, आई."

"मी ता नाय विचारलंव."

यंत्राचा पंखा घरघरत होता. नाही म्हणणं किती सोपं होतं. इतकी वर्षं सगळ्यांनी तेच म्हटलं होतं, आणि आईने एकदाही ते मानलं नव्हतं.

"असेल, आई," सायरा म्हणाली. "विषाणू अंगात आधीच आला होता. दारही होतं. सुईने त्याला पायाकडची वाट दाखवली असेल. नक्की कुणीच सांगू शकत नाही. पण असेल."

शरीफुन्निसाने भिंगावरून डोळा हलवला नाही. तिचे खांदे मात्र सावकाश खाली आले.

"सगळी नाय नाय म्हणत," ती म्हणाली. "अकीला पन. मना वाटायचा, मना येडी समजतत. तू खरा बोललीस, बाय. बरा वाटला."

सायरा रडत होती. अंधार होता म्हणून तिने डोळे पुसलेही नाहीत. आईने मागे हात लांबवून तिचं मनगट चाचपलं आणि धरून ठेवलं.

काही वेळाने शरीफुन्निसा चुळबुळली. "सायरा, ह्या इझत चालल्या गो."

"हो. या दिव्याखाली बघत राहिलं की रंग विझत जातो."

ते ऐकताच शरीफुन्निसाने झटकन डोळा बाजूला केला आणि काचेवर कुणाची नजर पडू नये तसा तळवा आडवा धरला.

"बंद कर दिवा. जरासा ऱ्हऊ दे," ती म्हणाली. "अकीलानं नाय बघितलान अजून."

या काचेवरचा रंग रत्नागिरीला अकीलापर्यंत टिकणार नाही, हे सायराने सांगितलं नाही. तिने दिवा बंद केला आणि दोघी अंधारात बसून राहिल्या.