खिडकीतून आलेलं टेबल

खिडक्या निम्म्या करायचा हुकूम तुम्ही काढलात, पण त्या गल्लीतला एक तरी जिना चढून बघितलात का? नाही बघितलात. बघितला असता तर तुमचे दोन्ही खांदे सोलवटले असते. समुद्रावरचा वारा मोठ्या काचा फोडतो, हे खरं. खाऱ्या हवेनं चौकटी कुजल्या होत्या, बिजागरीला हात लावला तर गंजाचा भुगा हातात यायचा, हेही खरं. बदला ना, नको कोण म्हणतंय? पण त्या गल्लीत कपाट, पलंग, सोफा, जे काही घरात आलं ते दोरीला बांधून खिडकीतून आलं. जिन्यानं आली ती फक्त माणसं, आणि तीही एका वेळी एक.

सकाळी जुन्या खिडक्या निघणार, दुपारनंतर तुमच्या मापाच्या बसणार. मधल्या वेळात प्रत्येक भिंतीला एक भलंमोठं भगदाड, आणि नंतर ते कायमचं निम्मं. हे कळल्यावर गल्लीला वेडच लागलं. ज्याला जे आत घ्यायचं होतं त्यानं ते आणलं, ज्याला जे टाकायचं होतं त्यानं ते लोटलं. एका घराचा पलंग उतरत होता, शेजारचं कपाट चढत होतं. दोघं अधांतरी समोरासमोर आले तेव्हा पलंगवाला गच्चीवरून अदबीनं म्हणाला, "आधी तुम्ही." आणि दोर धरलेले सगळे हसायला लागल्यामुळे दोन्ही वस्तू बराच वेळ तिथेच झुलत राहिल्या.

पहिल्या मजल्यावरच्या मावशीला मात्र हसू येत नव्हतं. शिवणकाम करणारी बाई. गल्लीत लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणत. तिचे गुडघे गेले होते. जमिनीवर वाकून कापड बेतणं बंद करा, नाहीतर शिवणच बंद करा, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं. एका बंद पडलेल्या दुकानातलं कापड बेतायचं टेबल तिनं मिळवलं होतं. लांबरुंद, जाड फळीचं, दोन खणांचं. ते खाली बोळात ताडपत्री पांघरून पडलं होतं. आज वर आलं तर आलं.

"वहिनी, खण काढून ठेव," नणंद म्हणाली. ती खालच्याच घरात राहायची आणि सल्ला द्यायला तिला जिना चढावा लागत नसे.

"खणांत बटणं आहेत, वन्सं. रंगाप्रमाणे लावलीत. उचलाउचलीत सगळी एक होतील."

"मग बांध तरी नीट."

मावशीनं बांधलं. घरात जे हाताशी होतं त्यानं बांधलं. चार पदरी, दोन गाठी मारून. शिवणाऱ्या बाईच्या घरात हाताशी काय असतं, हे तिथल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

गच्चीवरच्या कप्पीतून ओवलेला दोर बोळातल्या माणसांनी खाली ओढला, तसं टेबल कुशीवर कललं आणि डौलात वर गेलं. निम्मं आत आलं आणि गप्पकन थांबलं. पुढेही जाईना, मागेही येईना. शिडीवर उभ्या असलेल्या काचवाल्यानं खाली वाकून बघितलं. कललेल्या टेबलाचा मागचा खण वीतभर बाहेर लोंबून भिंतीला टेकला होता.

"मावशी, हे बांधलंय कशानं?"

"इलॅस्टिकनं."

"इलॅस्टिकनं?"

"चांगल्यातलं आहे. धुतलं तरी सैल पडत नाही."

काचवाल्यानं कपाळ शिडीला टेकलं. त्याचे खांदे हलत होते. खाली नणंद म्हणाली, "टेबलाला चड्डी शिवली असतीस तरी चाललं असतं."

नेमके त्याच वेळी तुम्ही कामावर नेमलेले साहेब आले. डोक्यावर पिवळं हेल्मेट, चेहऱ्यावर काम खोळंबल्याचा राग. "ही खिडकी अजून उघडी का? हे टेबल आत्ताच्या आत्ता खाली घ्या, चौकट बसवा."

आता हसणं थांबलं. मावशीनं आतल्या फळीवर हात ठेवला. बटणं गेली तर जातील, सुई धरता येते तोवर पुन्हा जमतील. तिनं मोठी कात्री उचलली, टेबलाच्या कडेनं बाहेर वाकली आणि म्हणाली, "खण धरा हो. साहेब, तुम्ही जरा बाजूला व्हा."

साहेब बाजूला झाले नाहीत. साहेबांना आजवर कोणी बाजूला व्हा म्हटलं नसावं.

कात्री चालली. इलॅस्टिक सटकन तुटून काचवाल्याच्या कानावर बसलं, त्यानं खण धरला पण तो उलटा झाला, आणि लाल, निळी, शिंपल्याची, पितळेची, कोटाची, झबल्याची अशी सगळी बटणं पिवळ्या हेल्मेटवर ताशा वाजवत खाली आली. दोर ओढणारे हसून हसून मटकन खाली बसले. दोर हातातच होता, त्यामुळे टेबल त्यांच्या वजनानं अलगद उचललं गेलं आणि काचवाल्याच्या एका धक्क्यात सुर्रकन आत गेलं.

गल्लीभर माणसं रांगत बटणं वेचत होती. साहेबांच्या कॉलरमधून नणंदेनं एक मोत्याचं काढून घेतलं. "हे माझ्या पोलक्याचं आहे," ती म्हणाली, "इतकी वर्षं वहिनी माझ्याकडे नाहीच म्हणत होती."

दुपारनंतर तुमची निम्मी खिडकी बसली. बसवली चांगली, काचवाल्याला नाव ठेवायला जागा नाही. मावशी टेबलाशी ताठ उभी राहून खडूनं कापडावर रेघ मारत होती, कधी नव्हे ते गुणगुणत. साहेब जिन्यानं वर आले, खांदे झाडले आणि नियम सांगितला. जी वस्तू जिन्यानं किंवा नव्या खिडकीतून बाहेर नेता येत नाही, ती घरात ठेवायची नाही. संकट आलं तर घर रिकामं कसं करणार? म्हणून टेबल बाहेर काढा.

"काढते," मावशी म्हणाली. "कुठून?"

साहेबांनी जिन्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, वर विचारून सांगतो म्हणाले आणि गेले. वर म्हणजे तुम्ही. मावशीचं बेतणं जोरात चालू आहे, गुडघे कुरकुरत नाहीत, तिला मुळीच घाई नाही. पण हुकूम तुमचा, खिडकी तुमच्या मापाची. तेव्हा बोला. ते टेबल बाहेर काढायचं कुठून?