विचारल्यावर जमलेली सोयरीक

मी मनकर्णाबाई. शाळा दुसरीपर्यंत, पण माझ्या तोंडून 'हो' निघाल्याशिवाय साखरखेर्ड्यातल्या आमच्या घरात एकही लग्न ठरलं नाही. आता पाळी नातीची, योगिनीची. मलकापूरचा सागर तिला आवडला होता. तीन महिने फोनवर कुजबुज चालली होती आणि म्हातारीला काही कळत नाही असं योगिनीबाईंना वाटत होतं. रविवारी तो आणि त्याचे वडील अर्जुनराव पाहायला येणार होते.

त्याच सकाळी टीव्हीवर बातमी आली. बसमध्ये बाँब ठेवणाऱ्या टोळीचा म्होरक्या पोलिसांना जिवंत सापडला, त्यांनी त्याचे हात बांधले आणि तिथल्या तिथे गोळी घातली. मी पेढे मागवले. सगळ्यांनी खाल्ले, योगिनी खाईना. वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे ना!

"आजी, हात बांधलेल्या माणसाले मारणं हा न्याय नोय. कोर्टात उभं करायले पाह्यजे होतं."

"त्यानं बसमधल्या लोकायले कोर्टात उभं केलं होतं का?"

"म्हणून तर तो अतिरेकी हाये आन् आपण नाही."

"लय शिकली! साऱ्या दुनियेले ठाऊक हाये त्यानं काय केलं. त्याले इचारायचं काय? आन् हे पाय, सागरचा बाप वीस वर्षं फौजेत होता. त्याच्यासमोर हे तोंड उघडशीन, तर सोयरीक मोडली समज."

ती गप्प बसली. सागरसाठी बसली, माझ्यासाठी नाही.

पाहुण्यांसाठी मांडे मीच करते. सून करते ते मांडे नसतात, हातरुमाल असतात. पण उलट्या खापरावर मांडा टाकायचा म्हणजे कोपरापर्यंत पीठ आणि अंगावर जुनेरं. मग पुढच्या खोलीत मोठं माणूस कोण बसणार? शेजारच्या रुक्मिणीबाईला बसवलं. तिला माझंच जांभळं लुगडं नेसवलं.

पाहुणे आले. सागर अंगणात चुलीजवळ थबकला आणि मला म्हणाला, "काकू, पाय धुवायले पाणी कुठं हाये?" मी बोट दाखवलं. पाय धुऊन आत गेला तो थेट रुक्मिणीबाईच्या पाया पडला. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही!

मी स्वयंपाकघरात शिरले. "नकार! चहा पाजा आन् वाटेले लावा. घरच्या मोठ्या बाईले जो ओळखत नाही, त्याच्या घरी माही नात जाणार नाही."

योगिनीचे डोळे भरले. आवाज मात्र सरळ होता. "त्यानं काऊन केलं असं? तू त्याले इचारलं?"

"इचारायचं काय? माह्या डोळ्यानं पाह्यलं."

"सकाळीबी हेच म्हणत होतीस."

कार्टी! मी पिठाच्या हातानेच पेढ्यांची ताटली घेतली आणि नकार सांगायला बाहेर गेले. तोंड गोड करूनच नकार द्यावा, आपल्या घरची रीत आहे.

अर्जुनरावांनी पेढा घेतला. कशाबद्दलचा ते मी सांगितलं, तसा त्यांनी तो ताटलीत परत ठेवला.

"बाई, फौजेत आम्हीबी असाच एक धरला होता. माह्या जोडीदाराले त्यानंच मारलं होतं. माहं बोट बंदुकीच्या घोड्यावर होतं. साहेबानं मले मांगं ओढलं, त्याले पाणी पाजलं, कोर्टात नेलं. चार वर्षांनी फाशीचा निकाल लागला. जोडीदाराची माय तिथं बसेल होती. पोरगं कुठं पडलं, हुकूम कोणी देला, सारं जजसाहेबानं वाचलं. ती मले म्हणे, 'माह्या लेकाचं काय झालं ते मले आज कळलं.' आता या बसमधल्या लोकायच्या मायांनी कोणाले इचारावं?"

मी पेढ्यांची ताटली खाली ठेवली. त्या आयांचा विचार मी पेढे मागवताना केला नव्हता.

मी सागरकडे वळले. "इकडं ये बे. मी मनकर्णाबाई, योगिनीची आजी. तू रुक्मिणीबाईच्या पाया काऊन पडला?"

पोरगा पांढरा पडला. खिशातून मोबाईल काढून त्याने मला फोटो दाखवला. आम्हीच पाठवलेला, योगिनी आणि मी. "यात तुमचा पदर नाकापर्यंत हाये, आजी. तोंड दिसत नाही. मंग मी हे जांभळं लुगडंच पाठ करून आलो."

रुक्मिणीबाई पहिली हसली. मग अर्जुनराव. आतून सुनेचं हसू आलं. एरवी माझ्यासमोर तिचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. गुन्हेगार मीच निघाले! मीही पोट धरून हसले आणि पीठ लागलेल्या हातानेच पोराच्या डोक्यावरून हात फिरवला.

सुपारी फुटली. जेवताना मी म्हटलं, "व्याही, त्या मेल्याले फाशीच पाह्यजे होती, हे मी सोडत नाही. पण आधी चार लोकायसमोर त्याच्या तोंडून सारं काढायचं होतं."

"आजी, फाशीबी चूकच हाये," योगिनी मध्येच म्हणाली.

अर्जुनरावांचा घास हातातच राहिला. "काय म्हणतं पोरी? फाशी चूक?" ती पदर खोचून त्यांच्यासमोर बसली आणि दोघांची जी जुंपली! सागर खुशीत दोघांना ताक वाढत होता. सून मला खुणावू लागली, थांबवा म्हणून. मी म्हटलं, भांडू दे. लग्नाले अक्षयतृतीयेची तारीख सागरच्या बापानंच धरली हाये, आता कुठं जातात!